उरलेले चार महिने

'बेगमी' हा मराठीतला एक फार गुणी शब्द आहे. पावसाळ्याची बेगमी म्हटलं की आपल्या आजीच्या पिढीतल्या कुणाच्याही डोळ्यासमोर लगेच यादी उभी राहते. वैशाखाच्या उन्हात वाळणाऱ्या कुरडया, पापड, सांडगे. वर्षाचं तिखट, मसाला, चिंच. कोकणात सुकी मासळी, आंबोशी, लाकूडफाटा आणि छपराची शाकारणी. आता चार महिने बाहेर काही धड मिळणार नाही, तेव्हा जे काय करायचं ते मृगाच्या आत, एवढा साधा हिशेब त्यामागे असायचा.

आपल्यासारख्या सुपरमार्केट आणि दहा मिनिटांत डिलिव्हरीच्या जमान्यातल्या लोकांना ही बेगमी फक्त 'गावाकडच्या आठवणी' छापाच्या लेखांत भेटते. पण बेगमी ही मुळात आठवण नाही, ते शेड्यूलिंग आहे. कुठला माल कधी तयार होणार, किती दिवस टिकणार आणि मधला रिकामा काळ कसा भरून काढायचा, हा प्रश्न. आणि एका अख्ख्या देशाने हा प्रश्न घराघरातल्या परसबागेत बसून सोडवायचा प्रयत्न केला होता, त्याची ही गोष्ट. देश ब्रिटन, साल १९३९ आणि पुढची काही वर्षं. गोष्टीचा शेवट मात्र ब्रिटनमध्ये होत नाही, तो आपल्याकडे येऊन होतो. ते पुढे येईलच.

आधी थोडं हवामान. आपल्याकडे दसरा-दिवाळी म्हणजे भाजीपाल्याची सुरुवात. पाऊस संपलेला, जमिनीत ओल, ऊन कोवळं. मेथी टाका, कोथिंबीर टाका, पालक टाका, सगळं उगवतं. हिवाळा हा आपला सगळ्यात हिरवा मोसम. इंग्लंडमध्ये नेमकं उलटं. तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबर ही पानगळ, म्हणजे दुकान बंद करायची वेळ. मुंबईत वर्षातला सर्वात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. लंडनमध्ये डिसेंबरात तो आठ तासांच्याही खाली जातो. दिवस साधारण दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ थांबते. त्यात जमीन गार पडते, रात्री दहिवर गोठून त्याचं पांढरं हिम होतं. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जे काही खायचं, ते त्या काळात 'पिकत' नाही. ते आधीच पिकलेलं असावं लागतं: एकतर कुठेतरी साठवून ठेवलेलं, नाहीतर वाफ्यातच थंडी सोसत उभं असलेलं.

आणि खरी गंमत पुढे आहे. सगळ्यात वाईट काळ हा बर्फाचा नव्हे, तर वसंताचा! एप्रिल-मेमध्ये झाडं फुलतात, पक्षी गातात, कवी खूष असतात... आणि वाफे रिकामे असतात. जुनं संपलेलं, नवीन अजून बोटभर उंचीचं. इंग्रज माळी या काळाला 'हंग्री गॅप' म्हणतात, भुकेची फट. केल नावाच्या पालेभाजीची एक जात आहे, तिचं नावच 'हंग्री गॅप'. ती नेमकी याच फटीत हाताशी येते.

आता १९३९. सप्टेंबरच्या ३ तारखेला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या वेळी ब्रिटन आपल्या अन्नापैकी साधारण दोन-तृतीयांश भाग समुद्रापलीकडून आणत असे. गहू कॅनडातून, मांस अर्जेंटिनातून, लोणी न्यूझीलंड आणि डेन्मार्कमधून, फळं-भाज्या युरोपातून. आजच्या भाषेत सांगायचं तर भलीमोठी सप्लाय चेन, आणि सगळी बोटींवर अवलंबून. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन पाणबुड्यांनी या साखळीचा गळा जवळपास आवळला होता. ती आठवण ताजी होती. त्यामुळे या वेळी सरकार वाट बघत बसलं नाही.

३ ऑक्टोबर १९३९ ला शेतीमंत्री सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ रेडिओवर बोलले. (हे नाव लक्षात ठेवा, हे गृहस्थ पुन्हा भेटणार आहेत.) त्यांनी आवाहन केलं की आणखी पाच लाख वाफे, म्हणजे भाड्याने मिळणारे भाजीचे तुकडे, नीट कसले तर त्यातून दहा लाख प्रौढ आणि पंधरा लाख मुलांना बटाटे आणि भाजी मिळेल. वर्षातले किती महिने? बारापैकी आठ.

आठ! कुठल्याही प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये असा एक आकडा असतो. ऐकताना भारी वाटतो आणि नंतर कोणीतरी मागच्या रांगेतून विचारतं, "आणि बाकीच्या चार महिन्यांचं काय?" ब्रिटनची 'डिग फॉर व्हिक्टरी', म्हणजे 'विजयासाठी खणा' ही मोहीम म्हणजे खरं तर या प्रश्नाशी सहा वर्षं चाललेली झटापट आहे.

हे वाफे म्हणजे काय ते आधी सांगतो. इंग्लंडमध्ये नगरपालिकेकडून घराजवळ भाजीसाठी जमिनीचा तुकडा भाड्याने घ्यायची जुनी पद्धत आहे. त्याला 'अलॉटमेंट' म्हणतात. १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तर असे तुकडे पुरवणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्यच ठरवलं. ठरलेलं माप ९० फूट बाय ३० फूट, म्हणजे २७०० चौरस फूट. पुण्यातले तीन टू-बीएचके एकाला एक लावून ठेवा, तेवढं. एवढ्यात एका कुटुंबाची वर्षातल्या बहुतेक काळाची भाजी निघू शकते, पण 'शकते' या शब्दावर जोर आहे. १९३९ च्या हुकुमाने पालिकांना पडीक जमिनी ताब्यात घेऊन वाटता येऊ लागल्या. अशा वाफ्यांची संख्या युद्धाआधी सुमारे आठ लाख होती, ती १९४३ पर्यंत चौदा लाखांच्या घरात गेली. शिवाय घराभोवतीच्या खासगी बागा वेगळ्याच. लंडनच्या टॉवरभोवतीच्या कोरड्या खंदकात कोबी लागला. हाईड पार्कात वाफे पडले. बॉम्बने पडलेल्या खड्ड्यांतसुद्धा लोकांनी भाजी केली. घराच्या मागे जे पत्र्याचे अँडरसन शेल्टर पुरलेले असायचे, त्यांच्यावर निदान सव्वा फूट मातीचा थर टाकावा लागे. मग माती आहेच तर रिकामी कशाला ठेवा, म्हणून शेल्टरच्या टपावर भोपळ्याचे वेल चढले.

पण उत्साहाचा एक प्रॉब्लेम असतो. नवशिक्या माणसाला बाग दिली की तो काय लावतो? लेट्यूस, मुळे, मटार, घेवडा. जे पटकन येतं, दिसायला छान दिसतं आणि उन्हाळ्यात निघतं. परिणाम असा की जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्या गल्लीत एकाच वेळी लेट्यूसचा पूर, कोणी कोणाला फुकटसुद्धा देऊ शकत नाही, आणि जानेवारीत वाफ्यात चिखल. एकूण उत्पादन बघितलं तर रिपोर्ट उत्तम. पण भूक वार्षिक सरासरीने लागत नाही, ती रोज लागते.

शेती खात्याला हे लवकर कळलं. म्हणून त्यांच्या पत्रकमालिकेतल्या पहिल्याच पत्रकाचा सूर होता: उन्हाळ्याइतकंच हिवाळ्यासाठीही पिकवा. त्यात ९० बाय ३० च्या तुकड्याचा आराखडाच दिला होता. जमिनीचे तीन भाग. एकात बटाटे आणि कंदमुळं, दुसऱ्यात कांदा, मटार, घेवडा वगैरे, तिसऱ्यात हिवाळी पालेभाज्या म्हणजे कोबीचं सगळं खानदान. दर वर्षी पिकांनी भाग बदलायचे, तीन वर्षांनी चक्र पूर्ण. म्हणजे एका पिकाचे रोग-किडे त्याच मातीत मुक्काम ठोकत नाहीत.

हा आराखडा आपल्यासारख्या लोकांनी बघितला तर लगेच ओळखीचा वाटेल. तो गँट चार्ट आहे! आणि तो उलटा वाचायचा असतो, डेडलाईनकडून मागे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ताटात जांभळी ब्रोकोली हवी? मग ती गेल्या वर्षीच्या वसंतात पेरलेली हवी, जुलैच्या आसपास वाफ्यात लावलेली हवी. हिवाळ्यात लीक (आपल्या पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ) हवा? मार्चमध्ये पेरा. एप्रिलमध्ये कोवळा कोबी हवा? तो आदल्या पानगळीतच, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावून ठेवा. थोडक्यात काय, पोटाच्या प्रश्नाचं उत्तर आठ-दहा महिने आधी देऊन ठेवावं लागतं. तेव्हा बाजारात सगळं मिळत असतं, आणि म्हणूनच ते द्यायचा कंटाळा येतो.

आणि मग यायची पानगळ. या मोसमातली कामं तीन प्रकारची होती, आणि तिन्हींमागे साधं-सोपं विज्ञान आहे.

पहिलं काम खणणं. इंग्लंडच्या बऱ्याच भागात चिकणमाती आहे, ओली असताना लोणी आणि सुकली की वीट. ती नाताळच्या आत कुदळीने खोल उलथायची आणि मोठमोठी ढेकळं तशीच उघडी ठेवायची, फोडत बसायचं नाही. फोडायचं काम थंडी करते. ढेकळात शिरलेलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, ढेकूळ आतून तडकतं, आणि वसंतात त्याच ढेकळाची भुसभुशीत माती हाताला येते. जिथे हिरवळ मोडून नवीन वाफा करायचा, तिथे गवताचे थर कापून चराच्या तळाशी उलटे पुरायचे, त्यांचंच खत होतं. वर शेणखत, पालापाचोळा. (आज मात्र अनेक बागवाले खणण्याच्या विरुद्ध आहेत. मातीतल्या जीवजंतूंची घडी मोडू नये, वरून फक्त कंपोस्टचा थर द्यावा असं ते म्हणतात, आणि त्यांचं पीकही चांगलं येतं. १९४० च्या दशकात मात्र खणणं हाच धर्म होता. मोहिमेचं नावच तसं होतं, आणि तिचं सगळ्यात प्रसिद्ध पोस्टर म्हणजे फावड्यावर दाबलेला एक बूट.)

दुसरं काम साठवण. बटाटे काढायचे, दिवसभर सुकवायचे, कापलेले-सडके निवडून बाजूला. मग जमिनीवर पेंढ्याचा थर, त्यावर बटाट्याचा ढीग, वर पुन्हा जाड पेंढा आणि त्यावर मातीचं लिंपण. माथ्यावर पेंढ्याची एक वेणी बाहेर काढून ठेवायची, हवा खेळायला. आपल्याकडे खेड-मंचर भागात बटाट्याची 'आरण' लावतात, तिचाच हा सख्खा भाऊ. फरक एवढाच की आपली आरण उष्णतेपासून वाचवते आणि त्यांची थंडीपासून. गाजरं वाळूच्या खोक्यात. कांदे वेणी घालून छपराला टांगायचे. या साठवणीत एक सडका बटाटा म्हणजे काय, हे कुठल्याही टेस्टिंगवाल्याला सांगायची गरज नाही.

तिसरं काम, जे उभं ठेवायचं त्याची निवड. पार्सनिप, केल, ब्रसेल्स स्प्राऊट हे गडी थंडीत मरत नाहीत, उलट गोड होतात. हिम पडायला लागलं की या झाडांत साखर वाढते. साखरेच्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणजे तिथे साखर हे झाडाचं अँटीफ्रीज आहे. आणि नोव्हेंबरात एक पेरणीसुद्धा व्हायची: ब्रॉड बीन नावाच्या मोठ्या घेवड्याची. बोटभर रोपं हिवाळाभर तशीच उभी राहतात आणि जूनच्या सुमारास शेंगा देतात, रिकामी फट बुजवायला. नोव्हेंबर १९४० चा विचार करा. ७ सप्टेंबरपासून लंडनवर रात्रीमागून रात्र बॉम्ब पडत होते. फ्रान्स पडलेला. पुढच्या जूनला आपला देश जागेवर असेल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. अशा वेळी वाफ्यात वाकून जूनच्या शेंगांसाठी बी पुरणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

त्यात आणखी एक अडचण. आज रात्री हिम पडणार का, हे माळ्याला कळायला हवं. पण हवामानाचा अंदाज शत्रूच्या विमानांनाही उपयोगी पडतो, म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये बीबीसीने हवामानाचे अंदाज देणं बंद केलं, ते थेट १९४५ मध्ये सुरू झाले. म्हणजे सगळा देश भाजी लावायला बसला आणि नेमका तेव्हाच अंदाज गायब! आणि पहिलाच हिवाळा असा आला की जानेवारी १९४० हा १८९५ नंतरचा सर्वात थंड महिना ठरला. लोक संध्याकाळी आभाळाकडे बघायचे. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, तर पेंढा टाका.

मार्गदर्शनाला मात्र रेडिओवर एक माणूस होता. सी. एच. मिडलटन. एका जमीनदाराच्या बागेतल्या माळ्याचा मुलगा, १९३० च्या दशकात बीबीसीवर बागकामाबद्दल बोलायला लागला आणि घराघरांत पोचला. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर लाखो लोक त्याला ऐकायचे. तो भाषण ठोकत नसे, कुंपणावरून शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलायचा. मनातून तो फुलांचा माणूस, पण युद्धात गुमान कांदा-बटाट्यांवर बोलत राहिला. युद्ध संपलं आणि सप्टेंबर १९४५ मध्ये तो गेला. शांततेतल्या पहिल्या पानगळीचं बागकाम काही त्याच्या वाट्याला आलं नाही.

कांद्याचं निघालंच आहे तर ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं महाराष्ट्रात शोभणार नाही :-) युद्धाआधी ब्रिटनमधला बहुतेक कांदा बाहेरून यायचा. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातून तर विक्रेते सायकलवर कांद्याच्या वेण्या लटकवून दारोदार फिरायचे. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, महिन्याच्या अखेरीस चॅनेल बेटंही गेली, आणि कांदा बंद. आता कॅलेंडर बघा. कांदा लावायचा तो वसंतात, नाहीतर ऑगस्टमध्ये पेरून हिवाळा काढायचा. जूनमध्ये वसंत हातचा गेलेला. ऑगस्टमध्ये पेरलं तरी कांदा निघणार पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे १९४०-४१ च्या हिवाळ्याला उत्तरच नव्हतं. पैसे असोत, जमीन असो, इच्छा असो, मधले महिने विकत मिळत नाहीत. त्या हिवाळ्यात ऑफिसांमध्ये एकेका कांद्याची लॉटरी निघायची, बक्षीस लागलं तर माणूस कांदा घरी मिरवत न्यायचा. आपल्याला यात अतिशयोक्ती वाटायचं कारण नाही. १९९८ साली कांद्याच्या भावाने दिल्लीतलं सरकार निवडणुकीत रडवलं, हे आपण पाहिलंय. उन्हाळी कांदा चाळीत किती टिकला आणि खरिपाचा कधी आला, यातल्या फटीवर लासलगावचा भाव आजही हलतो. फट तीच, फक्त देश वेगळा.

मग ही मोहीम यशस्वी झाली का? सरळ उत्तर: भाजीपुरती, हो. वाफे आणि घरच्या बागा मिळून वर्षाला दहा लाख टनांहून जास्त भाजी काढत असाव्यात असा अंदाज आहे. त्याने पोट पूर्ण भरलं नाही. ते भरलं मोठ्या शेतांवर कुरणं नांगरून वाढवलेल्या गहू-बटाट्याने, अमेरिकेतून पाणबुड्या चुकवत आलेल्या बोटींनी, आणि जानेवारी १९४० पासून सुरू झालेल्या रेशनिंगने. पण रेशनमध्ये न बसणारी ताजी भाजी ताटात आली, ती बोटीशिवाय आली आणि मुख्य म्हणजे हिवाळ्यातही आली. ब्रिटनमध्ये युद्धकाळात उपासमार झाली नाही. बाकीच्या चार महिन्यांचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

बहुतेक इंग्रजी लेख इथे संपतात. बूट, फावडं, टॉवरचा कोबी, आणि एक सुखद उसासा. पण आपण इथे थांबलो तर गोष्टीचा अर्धाच भाग वाचल्यासारखं होईल.

कारण ते रेडिओवरचे डॉर्मन-स्मिथ. मे १९४० मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं आणि १९४१ साली ते ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. तिथला तांदूळ मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात यायचा. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं, पाठोपाठ सगळा ब्रह्मदेश गेला, गव्हर्नरसाहेबांचं सरकार सिमल्याला येऊन बसलं, आणि तांदूळ बंद. तुटलेली सप्लाय चेन. अगदी ब्रिटनसारखीच. आणि उपायही तोच सुचला: १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू केली.

आता ऑक्टोबर १९४२. इंग्लंडमध्ये लोक बटाट्याच्या ढिगांवर माती लिंपतायत, कांद्याच्या वेण्या घालतायत. बंगालमध्येही हे बेगमीचेच दिवस. तिथलं मुख्य पीक म्हणजे अमन भात, जे हिवाळ्याच्या तोंडाशी कापलं जातं आणि वर्षभर पुरतं. १६ ऑक्टोबरला मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळलं. उभं पीक झोपलं, समुद्राचं पाणी शेतात शिरलं, त्यात भातावर रोग पडला. त्याआधीच, जपानी आले तर त्यांच्या हाती लागू नये म्हणून, किनाऱ्यालगतच्या जिल्ह्यांतून सरकारने तांदूळ उचलला होता आणि हजारो होड्या जप्त केल्या किंवा मोडल्या होत्या. ज्या प्रांतात होडी म्हणजेच रस्ता, तिथे! लष्करी खर्चाने महागाई भडकली, साठेबाजांनी हात धुऊन घेतले, शेजारच्या प्रांतांनी धान्य बाहेर जाऊ द्यायला नकार दिला. १९४३ मध्ये लंडनकडे धान्याच्या बोटी मागितल्या, त्या मागणीच्या मानाने फारच कमी मिळाल्या. माणसं किती मेली? १९४५ च्या चौकशी आयोगाचा अंदाज सुमारे पंधरा लाख. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत आणि त्याहून पुढे जातात.

अमर्त्य सेन यांनी लहानपणी हा दुष्काळ बंगालमध्ये डोळ्यांनी पाहिला होता. १९८१ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की प्रांतात धान्य अजिबातच नव्हतं असं नाही. ते विकत घेण्याची ताकद ज्यांच्याकडे नव्हती, ते मेले. भूमिहीन मजूर, मच्छिमार, गावोगावचे कारागीर. नेमकं किती धान्य होतं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण मेलं कोण याबद्दल फारसा वाद नाही. ब्रिटनमध्ये १९४० पासून प्रत्येकाच्या हातात रेशनचं पुस्तक होतं, भाव बांधलेले होते, वाफ्यासाठी जमीन मागायचा हक्क कायद्यात होता. आपल्याकडे मुंबईत रेशनिंग १९४३ मध्ये आलं, कलकत्त्यात १९४४ मध्ये, म्हणजे दुष्काळाचा कहर होऊन गेल्यावर. आणि 'अधिक धान्य पिकवा' हे ज्याला सांगायचं, त्या भूमिहीन मजुराने ते पिकवायचं कुठे?

एकच साम्राज्य, एकच युद्ध, जवळजवळ एकच घोषणा. एका ठिकाणी तिच्यामागे जमीन, बी, पत्रक, रेडिओ, रेशन आणि या सगळ्याचा जाब विचारू शकणारे मतदार होते. दुसऱ्या ठिकाणी फक्त घोषणा होती.

निसर्गाने नंतर ब्रिटनचीही परीक्षा घेतलीच. युद्ध जिंकून झालं होतं, तरी १९४६ च्या जुलैपासून पावावर रेशन आलं, जे युद्धातही नव्हतं. मग १९४७ च्या जानेवारीअखेर सुरू झालेली बर्फाची लाट मार्चच्या मध्यापर्यंत हटली नाही. बटाट्याच्या ढिगांवरचा पेंढा आणि माती पुरली नाही, सुमारे सत्तर हजार टन बटाटा गोठून सडला. जमीन अशी दगड झाली की पार्सनिप काढायला रस्ता फोडायची हवेच्या दाबावरची ड्रिल मशिन्स आणावी लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बटाट्यावरही रेशन आलं. लोक वैतागले, रांगेत उभे राहिले, सरकारला शिव्या घातल्या. पण भुकेने रस्त्यावर पडून मेले नाहीत. बेगमी फसली तरी तिच्यामागे दुसरी व्यवस्था उभी होती.

म्हणून मला या सगळ्या इतिहासात ते आठ महिन्यांचं आश्वासन सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपण रोज आराखडे बघतो. कंपनीचे, शहराचे, सरकारचे. दुष्काळ निवारणाचे, पाणी नियोजनाचे. त्यात वार्षिक सरासरी झकास असते. धरणात अमुक टक्के पाणी, कोठारात अमुक लाख टन धान्य. अशा वेळी मागच्या रांगेतून दोन प्रश्न विचारायला हवेत. बाकीच्या चार महिन्यांचं काय? आणि ज्याच्याकडे वाफाच नाही, त्याचं काय? पहिला प्रश्न ब्रिटनच्या शेती खात्याने स्वतःला वेळेवर विचारला. दुसरा प्रश्न बंगालच्या वतीने विचारणारं कोणी त्या खोलीत नव्हतं.